दुपारची बाजू

आमच्या आणि ओदिलाच्या अंगणामधली भिंत मातीच्या विटांची, माझ्या खांद्याइतकीच उंच, आणि कपडे धुवायचा दगड नेमका तिला लागून आहे, यात माझा काही दोष नाही. दगड माझ्या सासूने बसवलाय. धुताना मान वर केली की समोर ओदिलाची बागच दिसणार, आणि बाग दिसली की बागेतलं माणूसही दिसणार. माझा नवरा क्रिस्पीन दिवसभर ओसरीवर बसून लोकांच्या गाड्यांची टायरं सांधतो. तो म्हणतो, "तेक्ला, आपल्या घरातले कपडे मळायच्या आधीच धुतले जातात." म्हणू दे. ओदिला माझी कोमाद्रे आहे. माझ्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच हातांवर धरलं होतं, आणि आमच्या सोनोरात, मेक्सिकोच्या या वाळवंटात, हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा कमी धरत नाहीत. तिच्याकडे लक्ष ठेवणं माझं कामच होतं.

इथे कुणाच्या अंगणात हिरवं दिसलं की समजायचं, तिथे कुणीतरी जीव ओततंय. ओदिलाला मूल झालं नाही, तिने बाग केली. मेस्कीटच्या झाडाखाली, ऊन गाळून येतं तिथे, तिने मडकी गळ्यापर्यंत मातीत पुरली होती. मडक्यात पाणी भरायचं, वर झाकणी ठेवायची; मडकं आतल्या आत पाझरतं, मुळं येऊन त्याला मिठी मारतात आणि वरची माती कोरडीठक्क राहते. त्या मडक्यांभोवती लाल भोपळ्याचे वेल, घोळ, पुदिना, थंडीत कोथिंबीर, आणि मिऱ्याएवढ्या गोल रानमिरचीची झुडपं, जिच्याशिवाय आमच्याकडे शिजवलेला घेवडा घशाखाली उतरत नाही. कुंपणाला फड्या निवडुंग. त्याची कोवळी पानं काटे खरवडून ती कांद्यावर परतायची. स्वयंपाकघराच्या दाराशी कोरफड, भाजल्या-कापल्यासाठी. आणि अगदी मागे, दक्षिणेच्या कुंपणापाशी, बिस्नागांची रांग. बिस्नागा म्हणजे पिंपासारखा गोल निवडुंग, कमरेएवढा, आकड्यासारखे लालसर काटे असलेला. वाढते ती दक्षिणेकडे मान कलवून. वाळवंटात वाट चुकलेला माणूस बिस्नागा बघून दिशा ठरवतो.

ओदिलाचा एक नेम होता आणि तो तिने सगळ्या गल्लीला शिकवला होता. निवडुंग जागचा हलवायचा तर आधी त्याच्या दुपारच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेच्या काट्याला, लाल धागा बांधायचा, आणि नव्या खड्ड्यात धागा पुन्हा दक्षिणेलाच येईल असा तो लावायचा. जी बाजू जन्मभर ऊन खात आली तिची कातडी चामड्यासारखी झालेली असते. सावलीची बाजू तान्ह्याच्या पोटासारखी मऊ. उलटा लावलेला निवडुंग लगेच मरत नाही. आधी पांढुरका पडतो, मग पिवळा, मग ती बाजू उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखी सुटायला लागते. देवळासमोर एकदा पाचसहा बाप्यांनी घाम गाळून एक मोठा निवडुंग आणून लावला, तेव्हा ही पहार घेऊन तिथे उभी राहिली आणि त्यांच्याकडून तो पुन्हा उपटवून घेतला. "हलवा, तोडा, उपाशी ठेवा, सगळं सोसतात बिचारे," ती त्यांना म्हणाली. "तोंड तेवढं फिरवू नका."

तिचं स्वतःचं तोंडही उन्हाने भाजून काळं झालेलं होतं, आणि वेणीखालची मान मात्र दुधासारखी गोरी. डाव्या भुवईवर चंद्रकोरीएवढा एक व्रण होता. तो तिच्या नवऱ्याने दिलेला. त्याने कॉफीचा कप फेकला होता.

नासारिओ, तिचा नवरा, खाटीक. जनावराला हात लावायचा तो असा हळुवार की वासरू त्याच्या मांडीला मान घासत सुरीपर्यंत चालत जायचं. घरी आला की तो हळुवारपणा कुठे ठेवून यायचा देव जाणे. अंगणात तारांवर त्याचं मांस वाळत असायचं, त्यावर माशा, आणि तारांखालून ओदिला पाण्याच्या बादल्या घेऊन वाकून जायची.

वारा सुटायच्या दिवसांतला तो रविवार होता. मी चादरी वाळत घालत होते, तेव्हा भिंतीपलीकडून ओदिलाचा आवाज आला.

"पिंपातलं पाणी कुठे गेलं?"

"गाडी धुतली."

"गाडीला तहान लागली होती?"

"रक्ताचा वास मारत होती. तुला कसा येईल म्हणा वास. तुला तुझ्या झुडपांपलीकडे काही दिसतं का?"

"झुडपं दारू पिऊन दारात ओकत नाहीत."

मग मडक्याची झाकणी फुटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ मडकं. तो एकेका मडक्यावर टाच मारत चालला होता. चादरींच्या फटीतून मला दिसलं, तिने कुदळ उचलली आणि सरळ त्याच्या नडगीवर फेकली. चामडी फाटून रक्त बुटात उतरलं. तो ओरडला नाही. त्याने शांतपणे भिंतीला टेकवलेलं फावडं घेतलं, आणि नेमक्या त्याच क्षणी वाऱ्याने ओली चादर माझ्या तोंडावर आपटली. ती सोडवेपर्यंत मला फक्त ऐकू आलं. "कोमाद्रे..." अशी अर्धी हाक, आणि मग पिकलेला भोपळा छपरावरून खाली पडावा तसा एक आवाज. तो आवाज पुन्हा आला. पुन्हा आला. मग फक्त वारा.

मी धावत त्यांच्या फाटकाशी गेले तेव्हा तो कडी लावूनच उभा होता.

"चक्कर येऊन पडली. आत निजलीय."

"मी बघते तिला."

"झोपू द्या, दोन्या तेक्ला," बाईसाहेब म्हणावं तसं अदबीने तो म्हणाला. "तुमचे कपडे उडतायत, बघा."

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की ती नोगालेसला बहिणीकडे गेलीय. मी हवालदाराला गाठलं. तो जाऊन नासारिओकडे कॉफी पिऊन आला आणि म्हणाला, बायका रुसून जातातच की. क्रिस्पीनला म्हटलं, "तिच्या चपला दारात आहेत." तो टायरातून मान वर न करता म्हणाला, "नोगालेसला चपला मिळतात, तेक्ला." पण त्या संध्याकाळी तो जेवला नाही.

मी रोज धुणं काढायला लागले. मळलेलं नसेल तर पडदे काढून धुवायचे. बाग डोळ्यांदेखत वाळत होती. फुटक्या मडक्यांभोवती भोपळ्याचे वेल दोरखंडासारखे झाले, घोळ मातीला मिळाली. नासारिओ सकाळी जायचा, अंधारायच्या आत परत यायचा, आणि मागच्या बाजूला फिरकायचाही नाही. आणि मग एका सकाळी माझ्या हातातला साबण तसाच राहिला. बिस्नागांच्या रांगेत सगळ्या दक्षिणेकडे, कुंपणाकडे, झुकलेल्या होत्या. मधली एकटी उत्तरेकडे झुकली होती. घराकडे. दररोज बघते मी ती रांग, तरी कधीपासून ती अशी आहे ते मला सांगता येईना. थोड्याच दिवसांत तिची कुंपणाकडची बाजू पांढुरकी पडली, मग पिवळी झाली.

ओदिलाने असं केलं नसतं. झोपेत केलं नसतं, तापात केलं नसतं.

जून महिन्यात दुपारी आमच्याकडे कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. नासारिओ कामावर होता, क्रिस्पीन ओसरीवर घोरत होता. मी त्याची पहार घेतली आणि कुंपणाच्या फटीतून आत गेले. मनाशी मी एवढंच म्हणत होते की तिला अशी निनावी मातीत राहू द्यायची नाही. पाद्री आणायचा, नाव घेऊन पुरायची. पहारीचं टोक बिस्नागाखाली घातलं आणि जोर लावायच्या आतच ती कमरेएवढी बिस्नागा दात पडावा तशी सहज आडवी झाली. खाली माती नव्हती. पोकळी होती, लांबट, आतून गुळगुळीत, मडक्याचं पोट असतं तशी. तिच्यात काहीच नव्हतं.

"कोमाद्रे," माझ्या पाठीमागून कुणी म्हणालं, "काट्यांना हात लावताना जाड कापड घ्यावं. किती वेळा सांगितलंय."

स्वयंपाकघराच्या दारात ओदिला उभी होती.

मी रडले, तिच्या गळ्यात पडले, तिला नको नको ते बोलले. तिच्या अंगाला ओल्या मातीचा गारवा होता, जून महिन्यात. "बरी आहेस ना गं?" विचारलं तर म्हणाली, "थोडी अवघडलेय." मी तिला घरी आणलं, पोळ्या भाजल्या, घेवडा वाढला, तिने सगळं खाल्लं, मिरच्या मुठीने खाल्ल्या. क्रिस्पीन जागा झाला आणि तिला बघून हसला. "आली का नोगालेसवाली? माझ्या बायकोने तुला मारूनसुद्धा टाकलं होतं." ओदिलाही हसली. तिचं तोंड मला इतकं गोरं कधी दिसलं नव्हतं. मला वाटलं, बहिणीकडे सावलीत बसली असेल.

संध्याकाळी नासारिओ आला. मी भिंतीशी होते, हे सांगायला नको. त्याच्या खांद्यावर अर्धं वासरू होतं. दारात तिला बघून तो थांबला, आणि वासरू तसंच खांद्यावर घेऊन तो कितीतरी वेळ उभा राहिला, रक्त पाठीवरून ओघळून टाचेपर्यंत आलं तरी.

"ये," ती म्हणाली. "जेवण झालंय."

दुसऱ्या दिवसापासून ती बागेत कामाला लागली. नवी मडकी पुरली, पाणी भरलं. मी आडवी केलेली बिस्नागा तिने उचलून मेस्कीटच्या सावलीत ठेवली. ती तशी महिनोन्‌महिने मुळं उघडी टाकून जगते. खड्डा मात्र तिने बुजवला नाही. मी म्हटलं, "कुणी पडेल ना." ती म्हणाली, "राहू दे, लागेल."

आणि तिचं तोंड भाजायला लागलं. जिने चाळीस वर्षं त्या उन्हात काढली तिच्या गालांवर फोड आले, कपाळाची सालं सुटली, ओठ फाटले. मी तिच्याच दाराची कोरफड कापून, गर काढून तिच्या तोंडाला लावायला बसले. लावता लावता भुवईशी बोट आलं. भुवई सपाट होती. व्रण नव्हता. "मागेही लाव," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून तिने वेणी वर उचलली. मान काळी होती, चामड्यासारखी राकट, सुरकुत्यांवर सुरकुत्या पडलेली, कितीएक उन्हाळे खाल्लेली. आणि केसांच्या जरा खाली, डाव्या अंगाला, चंद्रकोरीएवढा तो व्रण.

मी गर लावला. काय करणार होते? माझी बोटं थंड पडली होती, ती म्हणाली, "बरं वाटतंय."

क्रिस्पीनला सांगितलं. तो म्हणाला, "तू ऊन फार खातेस, तेक्ला." मग हातातलं टायर खाली ठेवून, "ती हसते तेव्हा मला तिच्या पाठीकडे बघावंसं का वाटतं गं?" असं म्हणाला, आणि त्यानंतर त्याने हा विषय काढला नाही.

त्याच आठवड्यात रानडुक्कर आलं. ओलाव्याच्या वासाने ती गावात घुसतात, निवडुंग काट्यांसकट फोडून खातात. सकाळची वेळ होती, उजेड चांगला होता. डुक्कर मडक्याभोवती उकरत होतं आणि ओदिला पहार घेऊन त्याच्याकडे चालत गेली, बादली घेऊन जावी तशी. पहिल्या फटक्यात त्याचं कंबरडं मोडलं. ते पुढच्या पायांवर सरपटत, किंचाळत कुंपणाकडे निघालं, तर ती त्याच्या बरोबरीने चालत राहिली आणि मारत राहिली. ते किंचाळायचं थांबलं. ती मारत राहिली. कवटी फुटून आतलं पुदिन्यावर उडालं, दात सुटून मातीत पडले, ती मारत राहिली, एकाच लयीत, चेहऱ्यावर ना राग ना दम लागल्याची खूण. मागच्या दारात नासारिओ उभा होता. जन्मभर जनावरं कापलेला तो माणूस दाराची चौकट धरून ओकला. मग ती थांबली, त्याच्याकडे वळून म्हणाली, "सोलून दे मला हे."

त्यानंतर भिंतीपलीकडून जे आवाज येत ते पूर्वीचेच होते, पण आता सकाळी बाहेर पडताना काळानिळा तो असायचा. एकदा कान फाटलेला होता. एकदा हाताची दोन बोटं फडक्यात गुंडाळलेली, आणि ती पुढे कधी दिसलीच नाहीत. बाजारात विचारलं तर सुरी निसटली म्हणायचा. मला बरं वाटायचं, खरं सांगते. ज्या हातांनी फावडं धरलं ते हात होते ते.

एका दुपारी तो माझ्या ओसरीवर आला. बसला नाही. टोपी छातीशी धरून उभा राहिला.

"दोन्या तेक्ला, तुम्ही तिला नीट बघितलंत का?"

"रोज बघते."

"तोंड बघितलंत?"

घरात शिरलेल्या कुत्र्याला हाकलावं का पाणी द्यावं हे कळत नाही, तसं मला झालं होतं.

"त्या दिवशी मला तिचं तोंड बघवेना," तो म्हणाला. "म्हणून मी पालथी फिरवली तिला. माती घट्ट होती. घाई होती. बिस्नागा वर बसवताना धागासुद्धा..." त्याने तुटक्या बोटांचा हात तोंडावर ठेवला. "मला इथे झोपू द्या. टायरांत झोपतो. नुसतं आजच्या दिवस."

भिंतीपलीकडे पाणी ओतल्याचा आवाज येत होता, मडक्यामागून मडकं. मग तो थांबला. ती ऐकत होती.

"घरी जा, नासारिओ," मी म्हणाले. "जेवण झालं असेल."

तो गेला. त्याला जाताना मी भिंतीशी जाऊन बघितलं नाही. माझ्या जन्मात मी एवढ्या एकाच वेळी पाठ फिरवून बसले, आणि म्हणून पुढचं मला फक्त आवाजांनीच ठाऊक आहे. पहार ओळखू येते. त्याचं किंचाळणं डुकरासारखंच होतं आणि ते डुकराइतक्याच वेळात थांबलं. ती मात्र थांबली नाही. क्रिस्पीन टायर सोडून आत आला, दार लावून घेतलं, आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात एकमेकांचे हात धरून बसलो, ऐन दुपारी, ती लय संपेपर्यंत.

दुसऱ्या सकाळी ओदिला म्हणाली, तो मेहिकालीला भावाकडे गेला. गाडी अंगणातच होती. खड्डा बुजला होता, आणि बिस्नागा आपल्या जागी होती, इतरांसारखी कुंपणाकडे मान कलवून. भाजलेली बाजू आता उत्तरेला आली होती आणि दक्षिणेच्या काट्यावर लाल धागा होता. हवालदार आला, कॉफी पिऊन गेला. त्याला मी अंगणातल्या गाडीचं काही सांगितलं नाही.

"या खेपेला नीट लागली," ओदिला मला म्हणाली. "घाई केली नाही."

बाग तर अशी आली की लोक रस्त्यात उभे राहून बघतात. घोळ गुडघ्याला लागते, मिरच्या वेचून संपत नाहीत. पहिला भोपळा तिने मलाच आणून दिला. क्रिस्पीन खातो. मी नाही. पण धुणं मी दगडावरच धुते, आणि दुपारी ओसरीवर भिंतीकडे तोंड करूनच बसते, दक्षिणेला, जशी गेली तीस वर्षं बसत आलेय, ऊन समोरून अंगावर घेत.

परवा ती भिंतीला वळसा घालून आली. ओट्यावर माझ्याशेजारी बसली. तोंडावरची सालं आता सुकून खाली नवी कातडी आलीय, ती जरा जाड आहे. आम्ही बराच वेळ मिरच्या निवडत बसलो, पूर्वीसारख्या. मग ती म्हणाली,

"त्या दिवशी तो तुझ्याकडे आला होता ना, कोमाद्रे?"

"आला होता."

"बोलला काही?"

"नाही गं. टोपी घेऊन उभा होता नुसता."

ती मान हलवत राहिली. मिरच्यांमधून एक काडी उचलून तिने बाजूला टाकली. "तुला बघते मी रोज कपडे धुताना. पण मागची ओसरी मला नीट दिसत नाही आताशा. तू दुपारी बसतेस ती कुठे तोंड करून?"

प्रश्न साधा होता आणि आवाजात माया होती. खरं उत्तर दिलं तर माझी दुपारची बाजू तिला कळेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. दुसरं काही यायला तेव्हा वेळ नव्हता.

"उत्तरेला," मी म्हणाले. "चुलीकडे. भिंतीकडे पाठ असते माझी."

"पाठ," ती म्हणाली. "बरं झालं विचारलं."

ती उठून माझ्या मागे गेली. मानेपाशी तिची बोटं लागली, ओली, गार. झग्याच्या मागच्या बंदाशी ती काहीतरी करत राहिली, आणि मग माझ्या खांद्यावर थोपटून, मिरच्यांची परडी माझ्यासाठीच ठेवून, निघून गेली.

मला तो दिसत नाही. क्रिस्पीनला दिसतो. काढून टाकू का म्हणून त्याने विचारलं, पण काढला तर तिला कळेल. जाऊन खरं सांगावं, की कोमाद्रे, चूक झाली, माझी दुपारची बाजू ही नव्हे, तर मला खड्ड्यात नीट कशी लावायची ते मीच तिला सांगितल्यासारखं होईल. म्हणून मी धुणं धुते, कपडे वाळत घालते आणि दुपारी माझ्या जागी येऊन बसते. ऊन तोंडावर येतं. लाल धागा पाठीवर आहे.